मदत हवी आहे: ए लेव्हल केमिस्ट्री आणि वाया जाणारे फ्री पीरियड

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. मुलगा यंदा सिक्स्थ फॉर्मला (शाळेची शेवटची दोन वर्षं, ज्यात ए लेव्हलचा अभ्यास होतो), इयर १२ मध्ये म्हणजे त्यातल्या पहिल्या वर्षात गेलाय. जीसीएसई (इथली आपल्या दहावीसारखी परीक्षा) सहज निघाली, आता केमिस्ट्रीत गाडी अडलीय. टायट्रेशनचं (द्रावणाची तीव्रता काढायच्या प्रयोगाचं) गणित आलं की पहिल्या दोन ओळी लिहितो आणि पुढे पान कोरं. फ्री पीरियड भरपूर, पण ते कॉमन रूममध्ये गप्पांत जातात. (आमच्या बारावीला क्लासमधून मान वर काढायची फुरसत नव्हती!) शाळेत जेवणाच्या सुट्टीत मदतीचा तास असतो, तिथे जायला लाजतो. वर्षअखेरच्या परीक्षेनंतर प्रेडिक्टेड ग्रेड (ए लेव्हलला किती मिळतील याचा शिक्षकांचा अंदाज) ठरतील, तेच यूकासच्या म्हणजे विद्यापीठ प्रवेशाच्या अर्जात जातात, म्हणून जीव वरखाली होतोय. मी थेट त्याच्या शिक्षकांना ईमेल करू, की आधी फॉर्म ट्यूटरशी (वर्गशिक्षकांशी) बोलू? की सरळ शिकवणी लावू? ज्यांची मुलं यातून गेलीत त्यांनी सांगा प्लीज.