पेपर मोजून कामिओका कळणार नाही
टोकियो विद्यापीठाचे शोधनिबंध (पेपर) किती निघतात आणि रँकिंग कसं घसरतंय, यावरून तिथल्या संशोधनाचा हिशेब मांडणारे बरेच भेटतात. ठीक आहे, पण त्याच विद्यापीठाच्या गटाचा कामिओकातला भूमिगत प्रयोग या हिशेबात बसवून दाखवा.

गिफू प्रांतातल्या खाणीत, हजार मीटर खाली, टोकियो विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ मासातोशी कोशिबा यांच्या गटाने १९८३ मध्ये ३००० टन पाण्याची टाकी सुरू केली. शोधायचं होतं प्रोटॉनचं विघटन, म्हणजे अणुकेंद्रातला प्रोटॉन आपोआप फुटतो का ते. ते आजतागायत कुणालाच दिसलेलं नाही! म्हणजे मूळ उद्देश फसलाच. पण टाकीत सुधारणा करत राहिले, आणि २३ फेब्रुवारी १९८७ ला एका ताऱ्याच्या स्फोटातले ११ न्यूट्रिनो (बहुतेक कशालाही न अडकता आरपार जाणारे सूक्ष्म कण) काही सेकंदांत टिपले गेले. कोशिबा पुढच्याच महिन्यात निवृत्त व्हायचे होते. २००२ चं नोबेल त्यातूनच. नशीब म्हणा हवं तर, पण टाकी सज्ज ठेवणं नशिबाने होत नाही.

पुढे तिथेच ५०,००० टनांची टाकी, सुपर-कामिओकांदे, आली, आणि कोशिबांचे विद्यार्थी ताकाकी काजिता यांचं २०१५ चं नोबेलही.

जाता जाता: वातावरणातले न्यूट्रिनो १९६५ मध्येच कोलारच्या सोन्याच्या खाणीत टिपले होते. त्यात मुंबईची टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) होती, ओसाका सिटी विद्यापीठही होतं. कोलारचा प्रयोग नंतर गुंडाळला गेला. कामिओकात पुढच्या टाकीचं काम हाती घेतलंय.