प्रतिसाद: गुहागरकडे घरी येणारी नर्स
आईचं ड्रेसिंग आणि कॅथेटर बघायला गुहागरकडे नोंदणी असलेली नर्स हवी, असं तुम्ही विचारलंय. वरच्या प्रतिसादात कुणी चिपळूणच्या नर्स पुरवणाऱ्या ब्युरोला फोन करा म्हणालंय. करा, पण ब्युरोवाले कधीकधी नर्स सांगून आया पाठवतात. त्याआधी गावच्या आशाताईंना (आशा आरोग्यसेविकेला) गाठा. निवृत्त सिस्टर कुठल्या वाडीत राहतात हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

एएनएमचा (सहायक नर्स-सुईण) कोर्स २ वर्षांचा, जीएनएमचा (जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरी) ३. दोघींचीही महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी लागते. प्रमाणपत्र मागायला संकोचू नका, नूतनीकरणाची तारीखही बघा. कॅथेटर बदलायचं तर डॉक्टरांनी लिहून दिलेलं हवंच.

आणि पावसाळ्यातल्या येण्याजाण्याचं आधीच ठरवा. संध्याकाळची एसटी चुकली की सिस्टर तुमच्याकडेच मुक्कामाला!