समुद्राचा मॉडेल-डेटा: उभा अक्ष मीटरचा की घनतेचा?

निळोबा
गेले दोन महिने नॉर्वेच्या 'नॉरईएसएम२' या हवामान मॉडेलचा समुद्राचा डेटा उघडून बसलोय. बहुतेक मॉडेलं समुद्राचे थर मीटरात पाडतात, हे घनतेत पाडतं. एकूण ५३ थर, त्यातले वरचे दोन मिसळथराचे (वारा-लाटांनी घुसळून एकजीव झालेलं वरचं पाणी), बाकी प्रत्येकाची घनता ठरलेली. माझं मत आता पक्कं झालंय: अरबी समुद्रात कुठलं पाणी कुठे जातं हे शोधायचं असेल तर अक्षावर मीटर नकोतच.

पर्शियन आखातातून निघालेलं खारं पाणी घ्या. ते सिग्मा २६.६ च्या आसपास पसरतं (सिग्मा म्हणजे घनमीटरला किलोत घनता, वजा १०००). तांबड्या समुद्राचं पाणी त्याखाली, २७.२ ला. २५० मीटरवर बोट ठेवून क्षारता काढली, तर थर जरा वरखाली झाला की आकडा हलतो. पाणी तेच असतं! घनतेच्या अक्षावर पाणी बदललं तरच आकडा बदलतो.

ओहोटी
सपशेल असहमत. घनता म्हणजे नक्की कोणती, निळोबा? तुमचे २६.६ हे सिग्मा० चे, म्हणजे पाणी पृष्ठभागावर आणून मोजल्यासारखे. त्या मॉडेलचे थर मात्र सिग्मा२ चे, २००० डेसिबार दाबाखालचे (म्हणजे साधारण २००० मीटर खोलीवरचा दाब). तिथे आकडा आठ-नऊने चढतो. फाइलीत २६.६ शोधत बसाल तर जन्मात सापडायचं नाही.

बरं, सगळीकडे सिग्मा० च घेऊ म्हटलं तरी दक्षिण अटलांटिकमध्ये साधारण ४००० मीटरखाली तो उलटा फिरतो. तळाचं अंटार्क्टिक पाणी थंड आणि कमी खारं, त्याच्या वरचं उत्तर अटलांटिकचं जास्त खारं. थंड पाणी दाबाखाली जास्त दबतं म्हणून ते तळाशी आहे. पृष्ठभागावर आणलं की तेच हलकं दिसतं. म्हणजे तुमच्या अक्षावर एका आकड्याला दोन खोल्या. कुठल्या खोलीत राहायचं ते आधी ठरवा. मीटरला असली भानगड नाही.

निळोबा
सिग्मा० चा मुद्दा मान्य. पहिल्या दिवशी तेच केलं होतं, आणि फाइल खराब आहे म्हणून दोनदा उतरवून घेतली, आता लपवून काय उपयोग.

त्याहून मोठा घोळ सरासरीत केला. एका थराचं तापमान जानेवारीत २५ अंश, मे महिन्यात २६. (घनता तीच, कारण मे मधलं पाणी जास्त खारं.) मी सरासरी २५.५ काढून मोकळा झालो. पण थर जानेवारीत ४० मीटर जाड आणि मे मध्ये जेमतेम २ मीटर! जाडीने गुणून काढलं तर २५.०५ येतात. हा नमुन्याचा हिशोब आहे, पण माझा आलेख नेमका असाच बिघडला होता. जाडीची फाइल, 'थिकसेलो', सोबत नसेल तर घनतेच्या अक्षाला हात लावू नये.

चौथा मजला
ओहोटीताई, मीटरला भानगड नाही म्हणता? अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्राचा अभिसरणाचा आलेख मीटरात काढा. हजारो मीटर खोल जाणारं एक भलंमोठं चक्र दिसतं, त्याला डीकन चक्र म्हणतात. तोच हिशोब घनतेत केला की ते जवळपास नाहीसं होतं. १९९४ मध्ये डोस आणि वेब यांनी हे दाखवलं. समघनता थर तिथे तिरके असतात. उत्तरेला जाणारं आणि दक्षिणेला परतणारं पाणी एकाच घनतेचं, पण वेगवेगळ्या रेखांशांवर वेगवेगळ्या खोलीला. मीटरनुसार बेरीज केली की आपण पाण्याला उगाच बुडवतो.

आणि 'आधी मीटरात साठवू, मग घनतेत बदलून घेऊ' हे मला सर्वांत धोक्याचं वाटतं. मासिक सरासरीच्या तापमान-क्षारतेवरून काढलेली घनता म्हणजे घनतेची मासिक सरासरी नव्हे. महिन्याभरात भोवरे आले-गेले, थर जाड असताना प्रवाह जोरात होता की मंद, हे सगळं सरासरीत पुसलं जातं. नंतर कितीही नीट अंतर्वेशन करा (म्हणजे मधले आकडे हिशोबाने भरा), ते परत येत नाही. मॉडेल चालू असतानाच, प्रत्येक टप्प्याला, थरांत वाटून घ्यायला हवं.

ओहोटी
डीकनचं मान्य. अंटार्क्टिकाला तुमचा अक्ष लखलाभ. पण मी बंगालच्या उपसागरात काम करते. पावसाळ्यानंतर उत्तरेला गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गोड्या पाण्याने सिग्मा० वीसच्याही खाली जातो. अटलांटिक डोळ्यांसमोर ठेवून कुणी घनतेच्या पायऱ्या पाडल्या असतील, तर माझं वरचं पाणी पहिल्याच पायरीच्या बाहेर. आणि चक्रीवादळाला मिळणारी उष्णता २६ अंशांच्या पातळीपर्यंत मोजतात. ती पातळी किती *मीटरवर* आहे हेच तिथे विचारतात.

निळोबा
मग पायऱ्या बदला ना, अक्ष कशाला?

ओहोटी
महिन्याची सरासरी काढून ठेवलेल्या फाइलीत? पायऱ्या ज्याने पाडल्या त्याने पाडल्या. आता चौथा मजलाच सांगतील की त्या परत येत नाहीत.

चौथा मजला
नाही येत.