जुन्या ट्रॅक्टरला पुढचा लोडर: एक्सलला पट्टी मारून भागेल का?

चिकोडी_ऊस:
४५ एचपीचा जुना ट्रॅक्टर आहे. साधे स्टीयरिंग, पुढे ६.००-१६ टायर. शेणखत आणि साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) ट्रॉलीत भरायला लोडर, म्हणजे पुढे माल उचलणारी बकेट, बसवायचा आहे, एका उचलीला साधारण ४०० किलो. वर्कशॉपवाले म्हणतात, एक्सलखाली जाड पट्टी वेल्ड करतो आणि लोडरचे खांब बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधला क्लचचा डबा) बोल्टांना धरतो. टिकेल का?

उद्यमबाग_फिटर:
नाही टिकणार, अण्णा. ट्रॅक्टरला ट्रकसारखी चासी नसते. इंजिन, बेल हाउसिंग, गिअरबॉक्स हाच सांगाडा, आणि तो बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. खांब तिथे धरलात की प्रत्येक उचलीला बिडावर ताण. आधी बोल्ट ढिले होतात, मग ऑइल पाझरते, शेवटी हाउसिंगला चीर जाते. बिडावर वेल्डिंग तर नकोच.

दोन्ही बाजूंनी १००×५० मिमीचे लोखंडी चॅनेल पुढच्या एक्सल ब्रॅकेटपासून थेट मागच्या एक्सल हाउसिंगपर्यंत न्या. मागे यू-बोल्ट, पुढे ब्रॅकेटच्या मूळ भोकांत १०.९ ग्रेडचे (जास्त ताकदीचे) बोल्ट. इंजिनखालून एक आडवी जोड हवीच, नाहीतर बकेटचा एक कोपरा रुतला की फ्रेम पिळते. ऑइल चेंबरचा प्लग मोकळा राहील असे माप घ्या. पहिल्या दहा तासांनी सगळे बोल्ट पुन्हा आवळा.

निपाणी_काळीमाती:
वजनाचा हिशेबही करा. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या एक्सलमधले अंतर) १.९ मीटर, बकेट पुढच्या एक्सलच्या १.२ मीटर पुढे धरली, तर ४०० किलोला पुढे सुमारे ६५० किलो वाढतात आणि मागचे २५० उठतात. बकेट आणि लोडरच्या बाह्यांचे (आर्म) वजन वेगळेच. २०० लिटरच्या बॅरलमध्ये काँक्रीट भरा, ४८० किलोच्या आसपास होते. ते ट्रॅक्टरच्या मागच्या हायड्रॉलिक लिफ्टवर मागच्या एक्सलच्या एक मीटर मागे टांगले की पुढचे २५० किलो उतरतात. मागच्या चाकांत पाणी भरले तर पकड वाढते, पण पुढच्या एक्सलचा भार तसूभरही कमी होत नाही.

चिकोडी_ऊस:
पॉवर स्टीयरिंग लागेलच का? आणि किंगपिन, म्हणजे पुढचे चाक जिच्यावर वळते ती पिन?

उद्यमबाग_फिटर:
लागेलच. बकेट भरलेली असताना साधे स्टीयरिंग जागेवर फिरत नाही, आणि ओढून फिरवले की स्टीयरिंग बॉक्स झिजतो. किंगपिनचे बुश, एक्सलच्या मधल्या पिनचा बुश आणि हब बेअरिंग आधी बदला. ढिल्या बुशवर पट्टी मारून काही उपयोग नाही. टायर ७.५०-१६, ८ प्लाय (जास्त भाराचा), रिमसकट घ्या, जुनी रिम त्याला अरुंद पडते.

रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जादा ऑइल प्रेशर सोडून देणारा व्हॉल्व्ह, विसरू नका. ६३ मिमीचे दोन सिलिंडर १५० बारला नऊ टनांवर जोर लावतात. ४०० किलोच्या थोडे वर गेले की उचल थांबेल इतके प्रेशर उतरवून ठेवा.