रेसची फी म्हणजे पाण्यात घातलेले पैसे? मला नाही पटत

टिळकवाडीकर:
काल इथं एका काकांनी लिहिलं, 'हौशी माणसानं हजार रुपये भरून रेस पळणं हा मूर्खपणा. बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात झाडांखाली फुकट पळा.' रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

मी सात वर्षं डेपोतच पळालो. रोज तेच ४ किलोमीटर, त्याच वेगानं, गप्पा मारत. पावसाळा लागला की बूट माळ्यावर. मग २१ किलोमीटरला नाव घातलं. तारीख समोर दिसायला लागली तसा आठवडा आपोआप बसला. रविवारी लांब पल्ला, एक दिवस चढ, आणि विश्रांतीच्या दिवशी खरोखर विश्रांती. जुलैच्या झडीत जांबोटी रोडला पळालो, जे एरवी कधीच झालं नसतं. रेसला गर्दीच्या ओढीनं पहिले ५ किलोमीटर जोरात गेलो आणि सोळाव्यानंतर पायांचे दगड झाले. २ तास २८ मिनिटं. माझा खरा वेग किती हे डेपोनं सात वर्षांत सांगितलं नाही, त्या एका सकाळनं सांगितलं. पुढच्या खेपेला सुरुवात आवरली, ९ मिनिटं वाचली.

डेपोतला काका:
लिहिणारा मीच. तुमच्या ९ मिनिटांचं कौतुक आहे, पण माझं ऐका. एकटा असतो तर सातव्या किलोमीटरला थांबलो असतो. पण रेस होती, छातीवर बिब म्हणजे नंबराचा कागद, दोन्ही बाजूंना टाळ्या, थांबायची लाज वाटली. दुखत असताना रेटलं, पोटरीचा स्नायू फाटला, चार महिने लंगडलो. वर, मागे राहिलेल्यांना शेवटच्या टेबलावर पाणीच उरलेलं नव्हतं. मग हजार रुपये घेतले कशाचे?

शहापूरची वहिनी:
काका, पाण्याचं पटलं. पण पहाटे पाचला काँग्रेस रोडनं बाईमाणसानं एकटीनं पळून बघावं, मग फुकटाचं बोला. मागे कुत्री, शेजारून मुद्दाम गाडी हळू करणारे. गाड्या अडवलेल्या त्या एका सकाळी रस्ता माझा असतो. घरात 'पळायला जाते' म्हटलं की दहा प्रश्न. 'रेस आहे' म्हटलं की सासूबाई स्वतः चहा ठेवतात. मला ती फी महाग नाही.

येळ्ळूरकर:
ते सगळं खरं, पण माईकवर मराठीचा एक शब्द नाही, त्याचं काय? गेल्या वर्षी वडील साठीच्या गटात तिसरे आले. नाव कन्नड आणि इंग्रजीत पुकारलं, त्यांना कळलंच नाही. बक्षीस होईपर्यंत ते पार्किंगमध्ये. ह्याच बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन पळून १९वे आले. मी पळालेल्या एकाही रेसला त्यांचं नाव ऐकलं नाही.

खानापूरवाला:
आलं परत भाषेवर! धागा कशाचा, बोलूलालाय काय! माझा रविवारचा जोडीदार कन्नड आहे. मला पेटके आले तेव्हा स्वतःची वेळ सोडून 'निधान, निधान' (हळू, हळू) म्हणत शेवटपर्यंत माझ्यासोबत चालला. पळताना कोण विचारतं भाषा?

येळ्ळूरकर:
तुमच्या जोडीदाराविरुद्ध मी एक अक्षर लिहिलंय का? कट-ऑफ, म्हणजे रेस बंद व्हायची वेळ, किती वाजता, अँब्युलन्स कुठं, छातीत दुखलं तर कुणाला सांगायचं, हे माणसाला त्याच्या भाषेत कळायला नको? कन्नड काढा म्हणत नाही मी, शेजारी चार ओळी मराठी घाला म्हणतोय. फी घेताना फोनवर मराठी चालते त्यांना. वडील घरी येईपर्यंत बोलले नाहीत, ते तुम्ही बघितलं नाही.

खानापूरवाला:
वडिलांचं वाईट झालं, ते मान्य. पण दर धाग्यात तुम्ही हेच आणता, तेही मान्य करा.

डेपोतला काका:
चौगुलेंचं नाव निघालंच तर सांगतो, त्या काळी अशी फी न् टीशर्ट नव्हते. पुण्याला डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर अनवाणी पळणारी शेतकऱ्यांची पोरं बघून दोराबजी टाटांनी ऑलिम्पिकला खेळाडू पाठवायचं मनावर घेतलं.

टिळकवाडीकर:
काका, ती स्पर्धाच होती की! ती पोरं बांधावर एकटीच पळत राहिली असती तर टाटांना कळलं असतं कसं?

डेपोतला काका:
हं. तेवढा मुद्दा तुमचा.

शहापूरची वहिनी:
मग संयोजकांना पत्र लिहूया. शेवटच्या माणसापर्यंत पाणी, आणि सूचना तिन्ही भाषांत. खानापूरवाले भाऊ, कन्नड मजकूर तुमच्या जोडीदाराकडून तपासून घ्याल?

खानापूरवाला:
घेतो. सहीपण करतो. येळ्ळूरकरांनी मजकूर चार ओळींतच ठेवावा.

येळ्ळूरकर:
चार पुरेत. पाचवी चौगुलेंची.

डेपोतला काका:
पाण्याचा मुद्दा पहिला घाला, सही माझीपण. फी मात्र मी भरणार नाही. वाटेत उभा राहून पाणी देईन, शेवटचा माणूस जाईपर्यंत.