अब्राहाम आणि इसहाक: कथेचा अर्थ लावणे ही श्रद्धेतून काढलेली पळवाट आहे का?

प्रश्न

मी धर्माभ्यासाचा विद्यार्थी असून श्रद्धाळू ख्रिस्ती घरात वाढलो आहे. या सत्रात आम्ही बायबलच्या पहिल्या, म्हणजे उत्पत्तीच्या पुस्तकातील कथा बारकाईने वाचत आहोत. सृष्टीच्या वर्णनापाशी मी फारसा अडलो नाही. पहिल्या अध्यायात वनस्पती, मग प्राणी आणि शेवटी स्त्री-पुरुष असा क्रम येतो, तर दुसऱ्यात आधी पुरुष, मग बाग, मग प्राणी आणि सर्वांत शेवटी स्त्री येते. ही दोन्ही वर्णने शेजारी शेजारी ठेवणाऱ्यांना घटनाक्रमापेक्षा निराळे काही सांगायचे असावे, हे मला सहज पटले.

बाविसाव्या अध्यायाचे मात्र तसे झाले नाही. देव अब्राहामाला त्याच्या मुलाचा, इसहाकाचा, होम करायला सांगतो आणि अब्राहाम पहाटे उठून निघतो. लहानपणी ही गोष्ट आज्ञापालनाचा आदर्श म्हणून ऐकली होती आणि शेवटी झुडपात शिंगे अडकलेला एडका दिसतो व मुलाऐवजी त्याचा होम होतो, त्यामुळे ती सुखान्तही वाटत असे. आता वाचताना एडका दिसण्यापूर्वीचा प्रवास डोळ्यांपुढून हलत नाही. हे जसेच्या तसे घडले असे मानले, तर अशी मागणी करणाऱ्या देवावर मी विश्वास ठेवतो असे होते. आणि नरबळीची प्रथा संपल्याचे हे केवळ रूपक आहे असे म्हटले, तर अवघड जागा आली की रूपकाचा आधार घ्यायचा, अशी सवय मला लागेल याची भीती वाटते. श्रद्धा राखून ही कथा प्रामाणिकपणे कशी वाचावी?

प्रतिसाद १

आपण सांगितलेल्या दोन्ही वाटा कथेला वळसा घालून जातात, असे मला वाटते. घडले की नाही, याचा निकाल लावण्याआधी कथा काय सांगते आणि काय सांगत नाही, हे पाहावे.

अठराव्या अध्यायात हाच अब्राहाम सदोम नगराचा नाश होऊ नये म्हणून देवाशी वाद घालतो. 50 नीतिमान सापडले तर, 45 सापडले तर, असे करत तो 10 पर्यंत येतो. परक्या नगरासाठी एवढी रदबदली करणारा माणूस स्वतःच्या मुलाच्या वेळी एक शब्दही बोलत नाही. लेखकाने आधीचा प्रसंग इतक्या विस्ताराने सांगितला असताना ही शांतता सहज आली असेल, हे मला संभवनीय वाटत नाही. पुढे डोंगर चढताना इसहाक विचारतो की विस्तव आणि लाकडे आहेत, पण होमासाठी कोकरू कुठे आहे. त्यावर देव स्वतः ते पुरवील, एवढेच उत्तर त्याला मिळते. या संवादाच्या आधी आणि नंतर, सहाव्या व आठव्या वचनात, ते दोघे बरोबर चालत गेले हे एकच वाक्य येते. एकोणिसाव्या वचनात मात्र अब्राहाम आपल्या सेवकांकडे परतल्याचे सांगितले आहे आणि इसहाकाचे नावही नाही. त्यानंतर बापलेकांचे एकही संभाषण उत्पत्तीत नाही. देवही अब्राहामाशी पुन्हा थेट बोलत नाही. हात आवरायला सांगतो तो देवदूत. पुढचा अध्याय इसहाकाची आई सारा हिच्या मृत्यूने उघडतो आणि यहुदी भाष्यपरंपरेने त्या मृत्यूचा संबंध या प्रसंगाशी जोडला आहे.

आपल्याला वाटणारी अस्वस्थता कथेतच आहे. ती श्रद्धा ढळल्याची खूण नाही. उलट, ती नीट वाचल्याची खूण आहे. आदर्शाची गोष्ट म्हणून हा अध्याय भरभर सांगून टाकणाऱ्यांनी त्याच्यावर अन्याय केला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद २

वरील वाचन मला मोलाचे वाटते, पण घडले की नाही हा प्रश्न नेहमीच बाजूला ठेवता येत नाही. नव्या करारात प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 15व्या अध्यायात म्हटले आहे की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे. तेथे रूपकाने भागत नाही. याउलट योनाचे पुस्तक पाहावे. अवघे चार अध्याय, त्यात निनवे नगराला इशारा द्यायला पाठवलेला संदेष्टाच पळ काढतो व माशाच्या पोटात जातो, निनवेतील जनावरांनाही पश्चात्तापाचे गोणताट नेसवले जाते आणि 1,20,000 हून अधिक माणसांची कीव मी करू नये काय, या देवाच्या प्रश्नावर पुस्तक संपते. माशाच्या पोटात माणूस जगेल काय, यावर वाद घालत बसणाऱ्याच्या हातून तो शेवटचा प्रश्नच निसटतो.

म्हणून प्रत्येक लेखन कोणत्या प्रकारचे आहे, हे आधी ठरवावे लागते. ही काही आधुनिक सवलत नाही. चौथ्या दिवशी सूर्य निर्माण झाला, तर त्याआधीचे तीन दिवस कसे मोजायचे, हा प्रश्न ख्रिस्ती धर्मपंडित ओरिजेनने तिसऱ्या शतकातच विचारला होता, आणि तो श्रद्धाहीन नव्हता. नरबळीचा अर्थही मी मोडीत काढणार नाही. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात मुले अग्नीत होमण्याची आज्ञा मी दिली नव्हती, ते माझ्या मनातही आले नव्हते, असे देव सांगतो. शास्त्रातला एक आवाज दुसऱ्याला असा उत्तर देत असेल, तर त्याला पळवाट कसे म्हणावे?

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. अठरावा आणि बाविसावा अध्याय मी आजवर कधीच एकत्र वाचले नव्हते. तरीही एक गोष्ट उरते. ती मागणी चांगली होती, असे म्हणायला माझे मन धजत नाही. तसे म्हणता येत नसेल, तर श्रद्धावंतांमध्ये माझी गणना होते का?

प्रतिसाद ३

या ठिकाणी मोठमोठ्या विचारवंतांचेही एकमत झालेले नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांटने 1798 मध्ये लिहिले की अब्राहामाने त्या आवाजाला उत्तर द्यायला हवे होते: मुलाला मारू नये हे मला निश्चित ठाऊक आहे, पण तू देव आहेस हे तितके निश्चित नाही. डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्डने 1843 मध्ये याच्या उलट दिशेने जाऊन अब्राहामाला श्रद्धेचा आदर्श मानले, पण ती श्रद्धा सोपी असल्याचे त्याने कुठेही भासवले नाही. तिच्यापुढे माणूस थरकापतो, हाच त्याच्या लेखनाचा गाभा आहे. मला स्वतःला कांटचे म्हणणे अपुरे वाटते, कारण त्याच्या उत्तरानंतर कथाच शिल्लक राहत नाही.

आपल्या शेवटच्या प्रश्नासाठी मी ईयोबाच्या पुस्तकाकडे बोट दाखवीन. तेथे नीतिमान ईयोबावर संकटे कोसळतात, त्याचे मित्र अध्यायामागून अध्याय देवाची बाजू मांडतात आणि ईयोब मात्र देवालाच जाब विचारतो. बेचाळिसाव्या अध्यायाच्या सातव्या वचनात देवाचा कोप होतो तो त्या मित्रांवर: माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला, तसे तुम्ही बोलला नाहीत. त्यांच्यासाठी प्रार्थनाही ईयोबानेच करायची असते.