तलाव कशाने तापवायचा, हे ठरवण्याआधी तो कशाने निवतो ते पाहा

निळाई (धागाकर्ती)

“ऊन फुकट असताना घरच्या पोहण्याच्या तलावासाठी हीट पंप किंवा गॅस हीटर घेणारा माणूस आपले पैसे अक्षरशः पाण्यात घालतो,” असे उन्हवाट यांनी मागच्या चर्चेत लिहिले आणि अनेकांनी त्याला एका शब्दात अनुमोदन देऊन टाकले. मला ते विधान सोडून देता येत नाही, कारण अशाच एका ठाम सल्ल्यावर विसंबून आम्ही सोलर पॅनेल बसवली होती. आमचा तलाव ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल, म्हणजे ४० हजार लिटरचा आहे. छपरावर सावली चुकवून उरलेल्या जागेत १२ चौरस मीटरच पॅनेल मावली आणि दोन हंगाम आम्ही काकडत पाण्यात उतरलो. माझ्या सासऱ्यांना गुडघ्यांच्या व्यायामासाठी ३० अंशांचे पाणी हवे होते. त्यांनी दुसऱ्या हंगामात तलावाकडे फिरकणेच सोडले.

एक घनमीटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे १.१६ युनिट ऊर्जा लागते, तेव्हा आमच्या तलावाला पाच अंशांसाठी साधारण २३२ युनिट हवीत. विजेचा साधा हीटर तेवढी सगळी वीज घेतो. हीट पंप हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो, त्यामुळे हवा उबदार असताना त्याच कामाला त्याला ४६-४७ युनिट पुरतात. शेवटी आम्ही हीट पंपच घेतला आणि आज सासरे रोज सकाळी पाऊण तास पाण्यात असतात. हे पैसे पाण्यात गेले असे मी मानणार नाही.

उन्हवाट

विधान माझे आहे आणि मी त्यावर ठाम आहे. बिनकाचेच्या पॅनेलांचे क्षेत्रफळ तलावाच्या पृष्ठभागाच्या किमान निम्मे, आणि हंगाम लांबवायचा असेल तर जवळजवळ तितकेच लागते. तुमच्या ३२ चौरस मीटर पृष्ठभागाला १२ चौरस मीटर पॅनेल सुचवणाऱ्याने तुमची फसवणूक केली. तो राग तुम्ही सूर्यावर काढू नये.

दुसरे असे की, पॅनेलमधून परतणारे पाणी हाताला जेमतेम कोमट लागते म्हणून लोक यंत्रणा निकामी ठरवतात. प्रवाह भरपूर ठेवला की परतणारे पाणी दोन-तीन अंशांनीच अधिक उबदार असते आणि तेच योग्य आहे, कारण पॅनेल जितके थंड राहील तितकी त्यातली उष्णता वाऱ्यावर कमी जाते. शिवाय, एका युनिट विजेमागे किती युनिट उष्णता मिळते हे सांगणारा, हीट पंपावर छापलेला तो पाच-सहाचा आकडा सुमारे २७ अंश तापमानाच्या आणि ८० टक्के आर्द्रतेच्या हवेत मोजलेला असतो. थंड पहाटे, म्हणजे गरज सर्वाधिक असते तेव्हाच, तो खाली येतो. माझी पॅनेल नऊ वर्षे चालू आहेत आणि फिल्टरच्या पंपाखेरीज त्यांना काही लागलेले नाही.

शनिवारकर

तुम्ही दोघेही रोज पोहणाऱ्यांचा विचार करत आहात. आमच्याकडे मुलगी आणि नातवंडे महिन्यातून दोनदा येतात. ६० किलोवॅटचा गॅस हीटर हाच तलाव चार तासांत पाच अंशांनी वर नेतो. १२ किलोवॅट उष्णता देणाऱ्या हीट पंपाला त्याच कामासाठी वीस तास लागतील, आणि त्या वेळात जी उष्णता उडून जाईल ती वेगळीच. उरलेले दिवस माझा तलाव थंड असतो आणि थंड तलावाची उष्णता फारशी जात नाही. आठवडाभर कोणी न उतरणारे पाणी उबदार राखण्याला बचत कशी म्हणायचे, हे मला कोणी समजावून सांगावे.

निळाई

शनिवारकर, तुमच्या वापरासाठी गॅस बरोबर आहे, हे मला मनाविरुद्ध मान्य करावे लागते. पण आपण तिघेही उष्णता आणायची कोठून यावर भांडत आहोत आणि ती जाते कोठे याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. उघड्या तलावाच्या उष्णताहानीपैकी सुमारे ७० टक्के वाटा बाष्पीभवनाचा असतो. एक लिटर पाणी उडताना जवळजवळ ०.६७ युनिट उष्णता घेऊन जाते. माझ्या तलावाची पातळी दिवसात ५ मिलिमीटर उतरली की १६० लिटर पाणी आणि १०० हून अधिक युनिट गेलेली असतात, म्हणजे तलाव दोन अंशांहून जास्त निवतो. फुग्यांचे साधे तरंगते कव्हर यातला बहुतेक भाग वाचवते. कव्हर नसेल तर कोणतेही यंत्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

काठावरची आई

या शेवटच्या वाक्याला माझा तीव्र विरोध आहे. आमच्या तलावावर असेच फुग्यांचे कव्हर होते. अर्धे गुंडाळलेले असताना माझा चार वर्षांचा भाचा त्यावर जमीन समजून चालू लागला, ते त्याच्या भाराने खचले आणि कडा त्याच्या डोक्यावर मिटली. वरून काहीही दिसत नव्हते. मी कपड्यांनिशी उडी मारली आणि तो हाताला लागला, एवढेच. तुमची शंभर युनिट तुमच्यापाशी ठेवा.

उन्हवाट

तुमच्यावर आलेला प्रसंग भयंकर होता, पण त्यावरून सर्वांनी कव्हर टाकून द्यावे असा निष्कर्ष काढणे मला बेजबाबदार वाटते. कव्हर अर्धवट ठेवायचे नसते. पोहायच्या आधी ते पूर्ण काढायचे असते.

काठावरची आई

बेजबाबदार हा शब्द आपण मागे घ्यावा. रोज दोनदा ३२ चौरस मीटरचे ओले प्लास्टिक एकट्या बाईने ओढायचे, तेही एक मूल कडेवर असताना, हे आपण कधी केले आहे काय? ज्या घरात ते ओढायला दोन माणसे नाहीत, त्या घरात ते अर्धवटच राहते. उष्णता राखण्याचे कव्हर आणि सुरक्षेचे कव्हर या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे आम्हाला विकणाऱ्याने सांगितले नाही आणि इथेही आतापर्यंत कोणी सांगितलेले नाही. ‘एएसटीएम एफ १३४६’ या अमेरिकन सुरक्षा मानकाचे कव्हर दोन प्रौढ आणि एक मूल, म्हणजे सुमारे २२० किलो भार पेलते. फुग्यांचे कव्हर एक मूलही पेलत नाही.

जुना फिटर

मुलांबाबत ताईंशी पूर्ण सहमत. आता माझे दुखणे सांगतो. वीस वर्षांत मी जितके हीटर बदलले, त्यांतले बहुतेक इंधनाच्या निवडीमुळे गेले नव्हते, पाण्याने खाल्ले होते. लोक क्लोरीनच्या आम्लधर्मी वड्या स्किमरमध्ये, म्हणजे पृष्ठभागावरचे पाणी आणि कचरा ओढणाऱ्या काठावरच्या खणात, ठेवतात, पंप थांबला की ते तीव्र पाणी हीटरमधल्या तांब्याच्या नळ्यांत साचते, आणि दुसऱ्या वर्षी नळीला भोक पडते. मग भिंतीवर निळसर डाग येतात, मुलीचे केस हिरवट होतात आणि दोष क्लोरीनला मिळतो. तो हिरवेपणा विरघळलेल्या तांब्याचा असतो. पीएच ७.२ च्या खाली जाऊ देऊ नका, क्लोरीन देणारे यंत्र पाणी हीटरमधून बाहेर पडल्यानंतरच्या नळीवर बसवा, आणि मिठाचे पाणी असेल तर टायटॅनियमच्या नळ्यांचाच हीटर घ्या. हीट पंपाखाली पाणी दिसले की गळती समजून मला बोलावणाऱ्यांनी आधी त्या पाण्यात क्लोरीन आहे का ते तपासावे. नसेल तर ते हवेतले दव आहे.

निळाई

ताई, तुमचे म्हणणे वाचून मी आमचे कव्हर पुन्हा पाहिले. ते रोलरवर आहे, मी एकटी ते तीन मिनिटांत काढते आणि तलावाला आपोआप मिटणाऱ्या दाराचे कुंपण आहे. या तिन्ही गोष्टी गृहीत धरून मी सर्वांसाठी नियम लिहिला, तो मागे घेते. लहान मूल आणि फुग्यांचे कव्हर एकाच घरात असतील तर कुंपण आधी हवे. मात्र बाष्पीभवनाचा हिशेब मी मागे घेणार नाही.

उन्हवाट

बेजबाबदार हा शब्द मागे घेतो. तो चुकीच्या माणसाला उद्देशून वापरला गेला. निळाई, बारा चौरस मीटरच जागा होती तर हीट पंपाला पर्याय नव्हता, हेही मान्य करतो. पण दुपारी ती बारा चौरस मीटर आजही उन्हात आहेत. ती हीट पंपाच्या आधी जोडून पाहिलीत का?

निळाई

नाही. दोन वर्षे वाल्व बंद आहे. या रविवारी उघडते.